लाकडी फळ्यांवरची अकरा पावलं

चूक माझीच. दिग्दर्शकाने विचारलं, "नकली पायाचा आवाज आणायचा कुठून?" आणि शाळेपासून सगळ्यांच्या आधी हात वर करायची खोड असलेला मी पटकन बोलून गेलो, "त्यात काय! आपल्या काकांच्या मुलाला आहे की."

खोलीत दिग्दर्शक होता, त्याची सहायक होती आणि स्वतः काका होते. म्हणजे ज्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं ते सगळे झाडून हजर. काकांनी हातातला बूट खाली ठेवला. अजिबात आवाज न करता. बूट असा फक्त तेच ठेवू शकतात.

काकांचा धंदा पावलांचा. सिनेमात नट चालतो तेव्हा जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा नटाचं नसतंच. नंतर कुणीतरी पडद्याकडे बघत, नटाच्या पावलाला पाऊल लावून, बंद खोलीत चाललेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे आमचे काका, अख्ख्या स्टुडिओचेच काका. ते आत चालतात, मी काचेमागे बसून रेकॉर्ड करतो. खोलीत जमिनीचे चौकोन आहेत, फरशीचा, वाळूचा, खडीचा, लाकडी फळ्यांचा, आणि भिंतीशी जुन्या जोड्यांनी भरलेली एक ट्रंक. तेहतीस वर्षांत काकांनी राण्या चालवल्या, खुनी चालवले, दोन घोडे आणि दिवस भरलेली एक बाई चालवली. वजन पंचावन्न किलो, पण रणगाड्यामागे पळणारी अख्खी पलटण ते एकटे पळतात आणि मग खोकत बसतात.

त्यांच्या मुलाला घरात चिमण म्हणतात. उंची सहा फूट, म्हणून चिमण. तो सैन्यात होता. तीन वर्षांपूर्वीच्या युद्धात, युद्ध थांबल्याचं जाहीर झालं त्याच्या चौथ्या दिवशी, सुरुंगावर त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. स्टुडिओत काका सांगायचे, "चिमण लांब असतो, नोकरीवर." मीही तेच धरून चाललो होतो. मग एकदा ते चष्मा विसरले, मी तो घरी पोचवायला गेलो आणि दार चिमणनेच उघडलं.

त्या घरात जाड गालिचे होते. बाहेरच्या खोलीत, आतल्या खोलीत, अगदी स्वयंपाकघरातही. काकू म्हणाल्या, "तो घसरू नये म्हणून यांनी टाकलेत." मग मला फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "चिमण उठायच्या आत हे बाहेर पडतात, तो झोपला की येतात. दोन वर्षांत त्याला चालताना ऐकलं नाही यांनी. तू तिकडे काही बोलू नकोस हं."

नाही बोलत, म्हणालो होतो. आठ महिने टिकलो.

दिग्दर्शक तर उडालाच. सिनेमा त्याच युद्धावरचा. शेवटी सैनिक घरी येतो आणि दारापासून खिडकीशी बसलेल्या आईपर्यंत चालत जातो. अकरा पावलं, संवाद नाही. "काका, प्रश्नच मिटला! बोलवा ना त्यांना."

"मी देतो," काका म्हणाले. "पाऊल देणं माझं काम आहे. घरच्यांना कशाला?"

दोन दिवस त्यांनी दिलं. बुटात लाकडाचा ठोकळा घालून बघितला, नडगीला पट्ट्याचं बक्कल बांधलं, एक बिजागरीही लावून झाली. दिग्दर्शक म्हणाला, "काका, दरवाजा चालतोय हा." नवव्या खेपेला माझंही हसू निसटलं. शेवटी तो जरा वैतागूनच म्हणाला, "घरी रोज ऐकत असाल ना? तसं करा."

"नाही ऐकलं," काका म्हणाले. आज पेपर आला नाही, असं सांगावं तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. "चिमण, काम आहे. स्टुडिओत ये. जुने बूट घाल." आणि ठेवून दिला.

चिमण लिफ्टमधून बाहेर आला आणि मला बघून थांबला. "तू तो चष्मेवाला ना? तोंड फार चालतं म्हणे तुझं."

"चुकलं, दादा."

"मला माझा पाय झोपताना काढून ठेवता येतो. तुझ्या तोंडाचं बघ काहीतरी."

काका माझ्या शेजारी, काचेच्या या बाजूला येऊन बसले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. हेडफोन चढवले, बोलायचं बटण दाबलं. "फळ्यांवर चाल. डावा आधी."

चिमण चालला. उजवं पाऊल तुमच्याआमच्यासारखं. डाव्याचा आधी एक बोथट ठोका, मग सांधा बसल्याची बारीक टिचकी, कपाटाचा खटका लागावा तशी. आणि त्यानंतर क्षणभर काहीच नाही. हेडफोनमध्ये ते काहीच नाही फार मोठं वाटतं. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा खडीचा चौकोन झाडताना असतो तसाच होता.

"पुन्हा. सातव्याला घाई केलीस."

"बाबा, तिथे तोल जातो."

"जाऊ दे. पण पडद्यावरचा जातो तेव्हा जाऊ दे."

दिग्दर्शकाला चौथी खेपच पसंत होती. काकांना नव्हती. आत कोपऱ्यात उभी असलेली सहायक मुसमुसायला लागली, तर तिला म्हणाले, "नाक ओढू नका, माइकात येतं."

चौदावी खेप झाली. चिमण खिडकीच्या जागी केलेल्या खुणेशी पोचला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. काकांनी बटण दाबलं. मला वाटलं, पुन्हा म्हणणार.

"दुखतं का रे?"

चिमणने काचेकडे बघितलं. "सातव्याला दुखतं."

"चौदाही वेळा?"

"हो."

"सांगायचंस."

"विचारलंत आत्ता."

काकांनी बटण सोडलं. हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली. मला म्हणाले, "झालं. शेवटचं बोलणं तेवढं काढून टाक." मी रेकॉर्डिंग थांबवलंच नव्हतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

चिमणला सोडायला मी लिफ्टपर्यंत गेलो. दार बंद होता होता तो म्हणाला, "ती शेवटची खेप मला पाठव. बोलण्यासकट."

"पाठवतो, दादा," मी म्हणालो.

सिनेमा लागला. त्या दृश्यावर संगीतकाराने व्हायोलिन घातलंय. अकरातली दोन पावलं ऐकू येतात, तीही कुठे आहेत हे माहीत असेल तर. लोक रडतात म्हणे. मी गेलो तेव्हा पुढच्या रांगेतला माणूस मोबाइलवर हिशेब करत होता. काका गेलेच नाहीत. सध्या एक चोर चालवताहेत, कापडी बुटांत.

मागच्या आठवड्यात त्यांनी लेस बांधता बांधता विचारलं, "काढलंस का ते?"

"काढतो, काका."

परवा चिमणचा फोन आला. "अरे, काय झालं त्याचं?"

"पाठवतो, दादा. हेच करतोय."

दोघांना दिलेला शब्द एकाच फाइलवर आहे. एकाचा पाळला की दुसऱ्याचा मोडतो; पाठवून मग काढलं, तर ते काढणं कसलं. ती उघडतो, चौदाव्या खेपेच्या शेवटाशी जातो, आणि तिथून पुढचे वीस सेकंद न ऐकता बंद करतो. ते बोलणं काढलंही नाही, पाठवलंही नाही.