आप्पांचं 'संपलं'

आमच्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, केजच्या बाजारात किराणा दुकान आहे. नकोसं गिऱ्हाईक आलं तरी आप्पा कधी 'नाही' म्हणत नाहीत. "साखर संपली बघा, उद्या या," म्हणतात. पोतं मागं तसंच असतं. लहानपणी मी गल्ल्यामागं तोंड दाबून हसायचे. "न्हाई म्हणलं की माणूस तुटतो गं," ते मला समजावायचे, आणि मला आपले आप्पा फार हुशार वाटायचे.

पुण्याच्या कोडिंग कोर्सला माझी निवड झाली तेव्हाही ते 'नाही' म्हणाले नाहीत. तिथंच राहून, दिवसभर वर्गात बसून शिकायचं होतं. आमच्याकडं पोरीला बाहेरगावी पाठवताना पहिला प्रश्न असतो, सोबत कोण? गल्लीतली माझी मैत्रीणही निवडली गेली होती, त्यामुळं तो सुटला. मला ती, तिला मी.

जाण्याआधी बरंच घरीच शिकून घ्यायचं होतं आणि पहिल्या दिवशी जी हजर नाही तिची जागा दुसरीला जाणार होती. आम्ही माझ्या लॅपटॉपला डोकं लावून बसायचो. सवाऱ्या कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये माणसं मोजणारा एक प्रोग्रॅम आम्ही लिहिला. तो थांबेचना, माणसं भरतच राहिला. कारण 'जीप भरली' कधी म्हणायचं, हे दोघींनाही सुचलं नव्हतं. केजची जीप भरलेली कुणी पाहिलीय? पोट दुखेस्तोवर हसलो. आप्पांनी लॅपटॉपसाठी नवी बॅग आणली. "पोरगी कॉम्प्युटर शिकायला पुण्याला चालली," असं येईल त्याला सांगायचे.

निघायच्या आदल्या दिवशी आप्पा जेवायला आले आणि हात धुता धुता म्हणाले, "तुझी मैत्रीण गेली की पुढं, मामाच्या गाडीत. बोलली न्हाई का तुला?"

मी तिच्या घरी पळाले. तिची आई दारातच म्हणाली, "गेली की सकाळीच. तुझंबी चांगलं होऊ दे, बाई." मला तो टोमणा वाटला. मी तशीच मागं फिरले.

"सोबतच न्हाई, तर कसं पाठवू?" आप्पा म्हणाले. "माझं मन लई होतं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मीच त्यांची समजूत काढली.

मैत्रिणीनं केसानं गळा कापला होता. तिचे फोन आले, मी एकही घेतला नाही. तोंडात येतील त्या शिव्या तिला दिल्या, भिंतीकडं तोंड करून. कोर्सचा पहिला दिवस गेला आणि माझी जागाही गेली. ती बॅग मी कपाटावर फेकून दिली.

त्यानंतर एकदा दुकानात बसले होते. आप्पांचा मोबाईल वाजला. ते डाळ तोलत होते, म्हणून मी घेतला. तीच होती.

"फोन कावून उचलत न्हाईस गं? लग्न ठरलं म्हणजे मैत्रीण मेली का तुझी?"

"कुणाचं लग्न?"

"तुझंच की! तुझे आप्पाच घरी येऊन सांगून गेले. पोरीपाशी विषय काढू नका, रडतीया म्हणाले. म्हणून तर मामासंगं आले मी. एकटी पडलेय इथं."

फोनचा आवाज मोठा होता. आप्पांनी सगळं ऐकलं, पण नजर काट्यावरून काढली नाही.

"आप्पा, माझं लग्न ठरलंय?"

"न्हाई गं."

"मग?"

त्यांनी डाळ पिशवीत ओतली, गाठ मारली. "न्हाई म्हणलं असतं, तर जन्मभर माझा राग केला असतास."

"तिचा केला, ते चाललं तुमाला?"

रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि त्यांची समजूत काढणाऱ्या माझ्या त्या दुपारची लाज वाटत होती. हातातल्या फोनमधून ती "हॅलो, हॅलो" करत होती.

इतकी वर्षं मी गल्ल्याच्या आतल्या बाजूनं गिऱ्हाइकांना हसत आले. आप्पांनी मलाही बाहेरच उभं केलं होतं.