वन्संनी काढलेले तीन काटे

आमच्या वन्संनी उभ्या आयुष्यात एकही खोटी रेघ काढली नाही, आणि या एका गुणापायी त्यांनी जितकी माणसं दुखावली, तितकी रेवदंड्यात दुसऱ्या कुणी भांडूनही दुखावली नसतील. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. अख्खी नोकरी त्यांनी गावच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात घालवली. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर "वेळ झाला नाही" एवढंच सांगत. माझ्या लग्नात त्यांनी मला माझंच चित्र काढून भेट दिलं. माझी डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर आहे, हे तोवर माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी ते चित्र कपाटाच्या दाराला आतून लावलं. मी पहिले सहा महिने रुसले होते आणि नंतरची तीस वर्षं आरशासमोर उभी राहिले की आधी ती भुवई बघते.

शाळेच्या गॅदरिंगला एकदा राजवाड्याच्या बागेचा पडदा हवा होता. वन्संनी शाळेमागची नारळाची झाडं जशीच्या तशी रंगवली. त्यांतल्या एकाचा शेंडा भुंग्याने खाल्लेला होता, तोसुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, राजाच्या बागेत रोगट झाड बरं दिसत नाही. वन्सं म्हणाल्या, मग झाडाला औषध घाला, ते सुधारलं की मी पडदाही सुधारते. गावातल्या एका पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला त्यांनी रांगोळीत त्यांचा चेहरा काढला, नाकाच्या शेंड्यावरच्या चामखिळीसकट, आणि त्या वर्षानंतर वन्संना रांगोळीचं आमंत्रण आलं नाही. मासळीबाजारात तर त्या एकेका पापलेटासमोर इतका वेळ उभ्या राहत की कोळीण वैतागून म्हणे, "बाय, मावरा घ्याचा हाय का नुसता बगाचा हाय?" वन्सं शांतपणे सांगत, "आधी बघायचाय." तोवर बाजार उठायचा आणि आमच्या घरी अंड्याची आमटी व्हायची.

अशा बाईंकडे तीनेक वर्षांपूर्वी नाझनीन आली. ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. वडील कुवेतला नोकरीला, आई घरी शिवणकाम करणारी, आणि ही मुलगी मुंबईला समुद्रातल्या जिवांवर पीएच.डी. करत होती. येताना अलिबागहून रिक्षात मांडीवर तान्ह्या बाळासारखा सूक्ष्मदर्शक धरून आणला होता. पिशवीत चिमुकल्या बाटल्या, त्यांत स्पिरिट, आणि स्पिरिटमध्ये तांदळाच्या कणीएवढे पांढरट किडे. निदान मला ते किडेच वाटले. नाझनीनने समजावून सांगितलं की हे कोलंबीच्या नात्यातले, फक्त दोन्ही कुशींनी चेपल्यासारखे. काशीदच्या खडकांवरच्या शेवाळात राहतात. तिच्या सरांच्या मते ही जात दूरच्या समुद्रातली, जुनीच. आपल्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडली एवढंच. पण तसा लेख लिहायचा तर प्रत्येक पाय, मिशी, जबडा सुटा करून त्याचं चित्र द्यावं लागतं, आणि नाझनीनची चित्रं बघून सरांनी विचारलं होतं, ही भेंडी आहे का.

वन्संनी नळीला डोळा लावला आणि पुढची पंधरा मिनिटं तिथून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याला बघायचं राहूनच गेलं होतं."

आम्ही एव्हाना अलिबागला राहायला गेलो होतो, पण त्यानंतरचे चार महिने वन्संच्या घरात जे राज्य चाललं ते आम्ही कधी विसरणार नाही. पडवीत उत्तरेकडच्या उजेडाला टेबल लागलं. सूक्ष्मदर्शकाला एक आरशाची नळी जोडलेली होती. तिच्यातून बघितलं की किडा आणि कागदावरची पेन्सिल एकदमच दिसत. पण कुणी चाललं की जमीन हादरे आणि किड्याचा पाय जागचा हले. म्हणून वन्सं काम करत असताना घरात चालायची बंदी होती. एकदा आमचे हे बहिणीला भेटायला म्हणून गेले आणि अडीच तास झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसून आले. भेट म्हणाल तर झालीच नाही. फोडणीने ठसका लागतो म्हणून फोडणी बंद. मी आठवडाभर राहायला गेले तेव्हा सात दिवस नुसतं वरण जेवले. तक्रार केली तर वन्सं म्हणाल्या, "डावी मिशी झाली की मोहरी घाल."

भांडण झालं ते नराच्या मोठ्या नांगीवरून. तिच्या आतल्या कडेला वन्संनी तीन आखूड काटे काढले होते. सरांकडच्या जुन्या पुस्तकातल्या चित्रात ते नव्हते. सरांनी फोनवर सांगितलं की ती घाण असेल, नाहीतर तो एक नग खराब असेल, ते पुसून टाका आणि चित्रं पाठवा. नाझनीनची मुदत जवळ आली होती. तिने चाचरत विनंती केली. वन्संनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "घाण इतक्या शिस्तीत, सारख्या अंतरावर बसते होय? मला दिसतात ते मी काढले. पुसायचे असतील तर तू पूस, पण मग खाली चित्रकार म्हणून माझं नाव घालू नकोस."

नाझनीन सूक्ष्मदर्शक तिथेच ठेवून निघून गेली. जाताना रडत होती. मी तिथेच होते आणि मला तिची कणव आली. मी वन्संना म्हटलं, तीन ठिपक्यांसाठी मुलीचं वर्ष कशाला घालवता. आज ते आठवलं की लाज वाटते. वन्संनी माझ्याकडे रागाने पाहिलं नाही, दमल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, "ठिपके नाहीत गं ते. त्याच्या अंगावरचे आहेत. ते पुसायचे अधिकार आपल्याला कुणी दिले?" आणि मग हळूच, "पोरगी हुशार आहे. ती बघेल."

आठ दिवस ती आली नाही. वन्सं रोज टेबल पुसत, सूक्ष्मदर्शकावर फडकं घालत आणि फाटकाकडे बघत नाही असं दाखवत. नाझनीनने नंतर मला खरं काय ते सांगितलं. ती चिडली होती आणि बाईंना चूक ठरवायचं म्हणून ओहोटीच्या वेळा धरून काशीदला जात होती. खडकाच्या निरनिराळ्या बाजूंचं शेवाळ आणून, निवडून, एकेक नर घरच्या साध्या भिंगाखाली बघत होती. नवव्या दिवशी भर दुपारी ती फाटकातून आली ती सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला हातात. पायरीवर बसली.

"बाई," ती म्हणाली, "सगळ्यांना आहेत. वाढलेल्या प्रत्येक नराला. दोन्ही बाजूंना."

"मग चहा घे," वन्सं म्हणाल्या, "आणि उजवी नांगी दे. ती काढायची राहिलीय."

पुढच्या महिन्यात सर स्वतः रेवदंड्याला आले. त्यांनी परदेशातल्या संग्रहालयातून त्या जुन्या जातीचे नमुने मागवून तपासले होते. त्यांतल्या एकाही नराला काटे नव्हते. म्हणजे आपल्या काशीदचा हा जीव निराळा होता आणि त्याची जगात अजून कुठे नोंदच नव्हती. मोठा माणूस, पण वन्संसमोर उभा राहून सरळ म्हणाला, "बाई, माझं चुकलं." वन्संना असल्या प्रसंगी काय करायचं ते कधीच कळत नाही. त्या सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढत म्हणाल्या, "स्टूल खाली घ्या, मान वाकडी करून नीट दिसायचं नाही."

नव्या जातीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा नाझनीनने बाईंचं नाव द्यायचं ठरवलं. आम्ही घरात सगळे हवेत होतो; ह्यांनी तर अलिबागला दोघातिघांना सांगूनही टाकलं. वन्संनी नकार दिला. म्हणाल्या, तो मला सापडलेला नाही आणि माझ्यासारखा दिसतही नाही. त्याच्या अंगावर जे आहे ते नाव द्या. म्हणून त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ फक्त 'तीन काट्यांचा' एवढाच आहे. लेख छापून आला, त्यात अकरा पानं वन्संच्या चित्रांची. ती आम्ही मोठी करून काचेत बसवली आहेत. पाहुण्यांना मी चहाच्या आधी तिकडे नेते. नांगीचं चित्र दिवाणखान्याच्या मधोमध आहे, आणि ते काय आहे असं कुणी विचारलं की माझा आवाज आपोआप चढतो.

या वर्षी वन्संच्या डोळ्यांचा पडदा बिघडला. समोरचं माणूस मधोमध पुसल्यासारखं दिसतं म्हणतात. पेन्सिल त्यांनी स्वतःच आवरून ठेवली, कुणाला काही न बोलता. फेब्रुवारीत एक दिवस म्हणाल्या, मी तो मेलेलाच पाहिला, जिवंत कधी बघितला नाही. तेव्हा नाझनीन आणि मी त्यांना ओहोटीला काशीदला घेऊन गेलो. दोघींनी दोन बाजूंनी धरून खडकावर बसवलं. नाझनीनने शेवाळ पाण्यात झटकलं आणि एक जीव त्यांच्या ओंजळीतल्या पाण्यात सोडला. वन्संनी हात डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, लांब नेला, तिरपा करून पाहिला, मग खाली घेतला.

"चालतोय," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या होताहेत. रंग कुठला आहे गं?"

मी म्हटलं, "हिरवा."

"कुठला हिरवा?"

मी चष्मा पुसला, ओल्या खडकावर गुडघे टेकले आणि त्यांच्या ओंजळीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. पाठीवर कोवळ्या चिंचेच्या पाल्याचा हिरवा होता, पोटाकडे तो पातळ होत जाऊन जवळजवळ पाण्याचाच होत होता, आणि पायांच्या सांध्यांवर थोडी लाली होती. मी एकेक करून सांगत गेले. वन्सं डोळे मिटून ऐकत होत्या, आणि पाणी सांडू नये म्हणून त्यांनी बोटं घट्ट जुळवून धरली होती.