आधी मफलर

कॉलेजच्या इंटर्नशिपसाठी मी पानिपतच्या एका चादरींच्या कारखान्यात जाते. तिथल्या सुपरवायझर ताई दिल्लीतच वाढलेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी ‘यार’शिवाय पुढे सरकत नाही. “ओढणी खोच ना, यार!” असं रागावत त्या स्वतःच प्रत्येकीची ओढणी कमरेला घट्ट बांधून देतात.

काल मालक ग्राहकांना घेऊन आले. कापड दाखवायला ते चालू रोलरवर वाकले आणि त्यांचा मफलर खाली लोंबला. ताईंनी लगेच लाल बटण दाबून मशीन बंद केलं.

“सर, पहले मफलर उतारिए.”

मालकांनी तो काढला, पण जाताना म्हणाले, “शाम को केबिन में आना.”

मी घाबरतच विचारलं, “ताई, नोकरी गेली तर?”

“बघू, यार. त्यांचा गळा तर राहिला!”