कुंपणापलीकडची टिल्डा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनात बंदूक सांभाळून वापरण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय पोरांना शिकारीचा परवाना मिळत नाही, म्हणून टिल्डा मन लावून परीक्षा देत होती. सोबतीला वर्गात बसलेला तिचा बाप वेंडेल मात्र निवांत होता. परीक्षेत शेवटी दोघांनी मिळून बंदुकीसह काटेरी कुंपण ओलांडायचं होतं. टिल्डा आधी पलीकडे गेली. वेंडेलनं तारेवरून बंदूक पुढे केली.

"घे गं, रिकामीच आहे."

उघडून बघितल्याशिवाय बंदूक हातात घ्यायची नाही, असं वर्गात शिकवलं होतं; तिचा हात पुढे होईना. परीक्षा घेणारे मास्तर बघत होते. चारचौघांत बापाला टोकायचं कसं?

"बाबा, आधी उघडून दाखव."

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा शिकारीत!"

"तरी दाखव."

कुरकुरत त्यानं उघडली. मघाच्या सरावातलं खोटं, बिनदारूचं काडतूस आतच होतं. वेंडेलचा चेहरा खर्रकन उतरला.

मास्तर म्हणाले, "पोरगी पास. वेंडेल, तू मात्र शनिवारी परत ये, बाबा."