सिस्टर आल्या आणि मी उभी राहिले

आठवतं का ग मैत्रिणींनो, कॉन्व्हेंट शाळेत दुपारच्या पेंगुळलेल्या तासाला सिस्टर दारात दिसल्या की आपण सगळ्या एकदम उठायचो... बाकं करकरायची, आणि ते लांबलचक, गाणं म्हटल्यासारखं ‘गुड आफ्टरनून, सिस्टर’. त्यांनी खूण केल्याशिवाय कुणी बसत नसे.

परवा इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरबाहेरच्या आमच्या वृद्धांच्या केअर होममध्ये स्टाफ मीटिंग होती. हे होम नन्स चालवतात, मी तिथे बरीच वर्षं आहे. बाहेर धुकं, आत रेडिएटरची ऊब... डोळे मिटत होते.

शेजारी नागपूरची एक केअरर होती, वर्क व्हिसावर आलेली. अश्विनी म्हणू तिला, खरं नाव नको. तिला विचारूनच लिहितेय. नवं लग्न, आमच्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर पाळणा लांबवायचा होता.

स्टाफसाठी येणारी नर्स तिला गर्भनिरोधक इंजेक्शन द्यायची. आता ट्रस्टींनी ठरवलं, आमच्या धर्मात हे बसत नाही, या छताखाली नको. शहरातल्या क्लिनिकला जायला मनाई नव्हती... पण बस मोजक्या, आणि क्लिनिकच्या वेळेलाच नेमकी ड्यूटी.

तू बोल, असं मी तिला आदल्या दिवशी म्हटलं होतं. “मावशी, व्हिसा यांच्याच हातात आहे नं,” एवढंच ती म्हणाली.

मीटिंगमध्ये मी हेच आठवत होते, तेवढ्यात होम सांभाळणाऱ्या सिस्टर आत आल्या... आणि मी आपोआप उभी राहिले. अख्ख्या खोलीत मी एकटी! कुणीतरी खुसखुसलं. सिस्टर थबकल्या, म्हणाल्या, काही बोलायचंय का?

आता उभी राहिलेच होते...

“सिस्टर, तुमची श्रद्धा तुमची. पण मूल कधी होऊ द्यायचं, हे या मुलींचं आहे. नर्स देणार नसेल तर क्लिनिकला जायला वेळ द्या. आणि कारण विचारू नका.”

सिस्टर मत बदलणार नाही, म्हणाल्या. मग हळूच, “पण ड्यूट्यांचा रोटा मी करते. वेळ मिळेल. बसा आता.”

नंतर कॉरिडॉरमध्ये अश्विनी म्हणाली, “पण नर्सकडचं बंद झालं ते झालंच नं, मावशी.” खरं आहे. हक्काचं होतं, त्यातलं अर्धंच मिळालं... तरी तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

लवकरच मी रिटायर होतेय. होममधल्या आपल्या मुली हे वाचतात, म्हणून इथेच सांगते. खिडकीतली जिरॅनियमची कुंडी सिस्टरना द्या, त्या न विसरता पाणी घालतील. लॉकरमधली शाल नव्या येणाऱ्या मुलीला. शुक्रवारची माझी मोकळी दुपार अश्विनीला, क्लिनिकसाठी.

आणि ‘इंजेक्शन परत कधी सुरू करणार?’ हे दर मीटिंगला विचारायचं काम किचनमधल्या बेव्हर्लीला. ती इथलीच आहे, तिला व्हिसाची भीती नाही.