दादाच्या हातावरची पलटण

“हात मागे घे, म्हणतो ना!” पाटणकर बाजारात आमचे वडील, आबा, असे गरजले, की किल्ल्यावरचे पोपट उडाले ते थेट मुरारच्या छावणीत जाऊन बसले. गोंदणारणीची सुई मात्र थांबली नाही. माझा थोरला भाऊ संस्थानच्या फौजेत शिपाई होता, आणि आपल्या पलटणीचं नाव इंग्रजीत हातभर गोंदवून घेत होता.

“संस्थान विलीन झालं, आबा. आता दिल्लीचे साहेब येऊन शिपाई निवडणार. त्यांना वाचता यायला नको?”

“अरे, देवाचं नाव गोंदव. देव विलीन होत नाहीत.”

दादा हसला. पुढे छावणीत रोज एकेका मोडलेल्या पलटणीची पाटी उतरू लागली, तरी हा कडाक्याच्या थंडीत बाह्या वर करूनच हिंडायचा. मग त्याच्या पलटणीचीही पाटी उतरली आणि निवडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. घरी आला तो बाही मनगटापर्यंत ओढून. आबा काहीच बोलले नाहीत. त्या शांततेला भिऊन आमचं मांजर तीन दिवस माळ्यावरून उतरलं नाही.

शेवटी मीच त्याला पुन्हा गोंदणारणीकडे नेलं आणि हे पुसता येईल का, म्हणून विचारलं.

“मिटता नहीं,” ती म्हणाली. “ऊपर साँप बना देती हूँ. बाकी सबको भी वही बनाया है.”