आठाचा झाला तीन

माझी मावशी शिलाई मशिनी दुरुस्त करते. गेली सव्वीस वर्षं तिचा हाच उद्योग. पेठेच्या टोकाला, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध तिचं दुकान आहे. आत पाऊल टाकलं की आधी तेलाचा वास येतो आणि मग मावशीचा आवाज, "बस, पण कशाला हात लावू नकोस!" मशीन कोणतीही असो, ती आधी तिचं चाक हाताने दोनदा फिरवते आणि कान देऊन ऐकते. निम्मं दुखणं तिला तेवढ्यावरच कळतं.

पैशाचा कागद समोर आला की मात्र हीच मावशी ढेपाळायची. तो सगळा कारभार दशांशभाऊंकडे असे. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पेठेतल्या चाळीसेक दुकानदारांचे ते अकाउंटंट. एकदा म्हणे कुणाच्या हिशेबात दोन पैशांचा फरक आला, तर या गृहस्थांनी अख्खा रविवार बसून तो शोधून काढला. तेव्हापासून सगळे त्यांना दशांशभाऊ म्हणू लागले, आणि त्यांनाही ते मनातून आवडायचं. ते "सही" म्हणाले की मावशी सही करायची. कागदावर काय लिहिलंय ते बघायचीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला घबाडच मिळालं. गावाबाहेरच्या तयार कपड्यांच्या कारखान्याने आपल्या एकशे दहा मशिनींची देखभाल वर्षभरासाठी तिच्यावर सोपवली. दरमहा ठरलेली रक्कम. दशांशभाऊंनी करारावरून वर्षाच्या कराचा अंदाज काढला, चार हप्ते एका चिठ्ठीवर लिहून दिले. मावशीने चारही हप्ते तारखेच्या आधी भरले आणि भेटेल त्याला सांगितलं, "मला वाटलं होतं त्याच्या निम्मासुद्धा नाही निघाला गं कर!" उरलेल्या पैशांतून दुकानाला नवी फरशी आली, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आली. मावशी त्या खिडकीत बसून काम करायची आणि येणारेजाणारे बघायचे.

वर्ष संपल्यावर करखात्याने कारखान्याकडून आलेले आकडे ताडून पाहिले आणि मावशीला पत्र धाडलं. मी तेव्हा दुकानातच होते, माझ्या पर्सचा पट्टा शिवून घ्यायला गेले होते. तिने पत्र वाचलं, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा वाचलं.

"दुसऱ्या कुणाचं तरी मला टाकलंय बघ."

मी पाहिलं. नाव तिचं, पत्ता तिचा. वर्षभरात भरला होता त्याहूनही जास्त कर अजून बाकी होता, वर व्याज. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने माझ्या पर्सचा पट्टा शिवला, पण उलटा.

घरी तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, पत्र लांब धरून वाचलं. ते बेकरीत भट्टीवर असतात. "आता मला चोरी करावी लागणार," ते म्हणाले, "आणि आमच्याकडे चोरण्यासारखं पिठाशिवाय काही नाही."

"अहो, चेष्टा काय सुचतेय तुम्हाला!" मावशी म्हणाली, पण हसली. तिच्या सासूबाईंनी पत्र हातात घेतलंच नाही. "उद्या सकाळी त्या दशांशाकडे जा. आणि जाताना हिला बरोबर ने, म्हणजे भांडण वाढणार नाही."

'हिला' म्हणजे मला.

दशांशभाऊंचं ऑफिस एक जिना चढून वर, दोन खिडक्यांच्या खोलीत. भर सकाळी टेबलावरचा दिवा लावलेला, तोही कागदाला जवळजवळ चिकटलेला. मावशीने पत्र पुढे ठेवलं.

"शक्य नाही, ताई," ते म्हणाले. "माझा अंदाज इतका चुकणारच नाही."

"नसेल चुकला तर सोन्याहून पिवळं. पण मला दाखवा तरी, कसा काढलात."

फाईल उघडली. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे कागद नीट पाहिले. दोरा कुठे अडकलाय ते शोधावं तसं तिचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. करारावर येऊन ते थांबलं. तिथे दरमहा 83,000 छापलं होतं. दशांशभाऊंच्या कच्च्या कागदावर बाराही महिन्यांपुढे 33,000.

"भाऊ, हा आकडा काय आहे?"

त्यांनी करार उचलून नाकाशी नेला. "तेहतीस हजार. का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने टेबलाखाली माझा पाय दाबला. तिने बोट खालच्या तारखेवर नेलं. "आणि हे?"

दशांशभाऊ बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कागद खाली ठेवला. शेजारच्या वर्तमानपत्राखालून एका मोठ्या भिंगाची कड दिसत होती. ती त्यांनी हळूच आत सारली, पण मावशीच्या नजरेतून ती सुटली नाही. सुईच्या भोकात दिवसभर बघणारी बाई ती.

"कधीपासून दिसत नाहीये?" तिने विचारलं.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की बाहेरच्या रिक्षेचा जास्त ऐकू येत होता. "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. पण दशांशभाऊंना आकडे दिसत नाहीत असं एकदा पेठेत पसरलं, की माझ्याकडे कोण फिरकणार, ताई?"

मावशीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मला राग आलाय, भाऊ. भयंकर आलाय. रात्रभर तुम्हाला काय काय बोलायचं ते मी ठरवून आले होते."

"बोला. सगळं बोला. आणि हे सगळे पैसे मी भरतो. माझी शिल्लक आहे थोडी..."

"कर तुम्ही कशाला भरायचा? कमावलं मी, तर त्यावरचा कर मीच भरणार. व्याज मात्र चुकीमुळे लागलंय, ते तुमचं." ती उठली, पुन्हा बसली. "निम्मं तुमचं. न वाचता सही मी केली होती. ते निम्मं माझ्या आळसाचं."

दशांशभाऊंनी खिशातून रुमाल काढला. "नाक साफ करा आणि ऐका," मावशी म्हणाली. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आणि बाकीच्यांचे कागदही कुणा चांगल्या डोळ्यांच्या माणसाकडून तपासून घ्यायचे. ज्याचं चुकलं असेल त्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं."

"लोक सोडून जातील."

"जातील तर जातील. असं पत्र येऊन कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं."

करखात्याच्या कचेरीत ते तिच्याबरोबर आले. खिडकीपलीकडच्या बाईंनी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "चूक माझी आहे, यांची नाही." रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. बाईंनी शांतपणे दहा हप्त्यांचा अर्ज पुढे केला. मावशीने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागचे लोक उसासे टाकू लागले. एक जण म्हणाला, "ताई, घरी नेऊन वाचा की!" मावशी मागे न बघता म्हणाली, "घरी नेऊनही कधी वाचलं नाही, म्हणूनच तर इथे यावं लागलंय," आणि दुसरं पान उलटलं.

हप्ते ठरले, पण पैसे झाडाला लागत नव्हते. तेव्हा सासूबाईंनी घरातल्या मशिनींचा विषय काढला. मावशीला मोडक्या मशिनी टाकवत नसत. 'सवड मिळाली की करीन' म्हणत तिने चौदा मशिनी साठवल्या होत्या. पलंगाखाली, जिन्यात, एक तर न्हाणीघराच्या दाराशी होती आणि काका रोज तिला पाय लागून ओरडायचे. आता सवड काढणं भाग होतं. रोज संध्याकाळी एकेक मशीन जेवणाच्या टेबलावर चढू लागली. काका भट्टीवरून आले की स्क्रू धुवायला बसत. "माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी हे सांगितलं नव्हतं," असं ते रोज म्हणत आणि रोज बसत. चौदातल्या बारा चालू झाल्या आणि चांगल्या किमतीला गेल्या. दोन काही केल्या हलेनात. सासूबाई मोकळ्या झालेल्या जिन्यात खुर्ची टाकून बसू लागल्या. "या घराला जिना आहे हे मी विसरूनच गेले होते," त्या म्हणाल्या.

तिकडे दशांशभाऊंच्या भाचीने बाकीच्यांचे कागद तपासले. आणखी तिघांचे आकडे चुकले होते. भाऊ तिघांच्याही दारात जाऊन उभे राहिले. दोघांनी फाईल काढून नेली, एकाने तर चार शब्दही सुनावले. तिसरा होता झेरॉक्सवाला. त्याच्या बाबतीत चूक उलटी झाली होती, त्याने कर जास्त भरला होता. पैसे परत मिळणार म्हटल्यावर तो इतका खूश झाला की सगळ्या रांगेतल्या दुकानदारांना त्याने चहा पाजला आणि दशांशभाऊंचा हात सोडेचना.

डोळ्यांची ऑपरेशनं दोन महिन्यांच्या अंतराने झाली. दुसरी पट्टी निघाल्यावर भाऊ थेट मावशीच्या दुकानात आले. तिला बघून दारातच थबकले.

"ताई, तुमचे केस इतके पांढरे कधी झाले हो?"

"तुमचा अंदाज वाचल्यापासून," मावशी म्हणाली.

आता दर तीन महिन्यांनी ते दोघं दुकानात कागद घेऊन बसतात. भाऊ एकेक आकडा मोठ्याने वाचतात, मावशी मूळ बिलावर बोट ठेवून "हं" म्हणते. मध्येच ती "हा खर्च इथे का धरलात?" असं विचारते आणि भाऊ वैतागतात. "ताई, तुम्हाला सगळंच कळायला हवंय का?" "हो," मावशी म्हणते. पहिल्या बैठकीला चार तास लागले होते. मागची दीड तासात उरकली.

शेवटचा हप्ता भरायला मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेले. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी शिक्का मारला, पावती दिली आणि मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "ताई, तुमच्या कागदांवर मशीन दुरुस्ती असं लिहिलेलं असतं ना? आमच्या आईची मशीन सारखा दोरा तोडते हो."

"सुई शेवटची कधी बदललीत?"

बाई विचारात पडल्या. "बदलायची असते?"

मावशीने डोक्याला हात लावला. "शनिवारी घेऊन या. आईंनाही आणा," ती म्हणाली, आणि पावतीवरचा आकडा डावीकडून उजवीकडे बोटाने वाचून मगच तिने ती पर्समध्ये ठेवली.